न पाहिलेला आप्त

‘आप्त’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि ते आपण इतक्या निरनिराळ्या प्रसंगी वापरतो की दोहोंचे मूळ एकच आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. लग्नपत्रिकेतला आप्त म्हणजे नातलग. त्याच्याकडे दिवाळीच्या फराळाला जावेच लागते, आणि तो गेला तर सुतक पाळावे लागते. न्यायशास्त्रातल्या आप्ताचे नातलगपणाशी काही देणेघेणे नाही. ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग नैयायिकांनी मानले आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतला शब्द म्हणजे कुणाचीही बडबड नव्हे. तो आप्ताचा शब्द असावा लागतो. मग आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने याचे उत्तर फार नेटके दिले आहे. ज्याने एखादी गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी एवढीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू आहे, असेही हा भाष्यकार बजावतो. माणूस कोणत्या कुळातला, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

ऐन दिवाळीत हे न्यायशास्त्र काढून बसण्याचे कारण असे, की गेले काही दिवस एका प्रश्नाने माझ्या मनात घर केले आहे. ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याच्याशी एक शब्द बोललो नाही, असा एखादा वर्तमानपत्री सदरलेखक लेखणी खाली ठेवतो तेव्हा वाचकाला चुटपुट का लागते? तो कवी असता किंवा कथाकार असता, तर गोष्ट वेगळी. त्याने आपल्या सुखदुःखांना शब्द दिले, म्हणून तो आपला झाला, असे म्हणता आले असते. परंतु मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे ते लोक संगणक कोणता घ्यावा, दूरध्वनी कोणता टाळावा, फोटो कोठे साठवावेत, असल्या रुक्ष विषयांवर लिहीत होते. अशा माणसांच्या निरोपाने वाचकांनी हळवे व्हावे, यात काही अर्थ आहे, की ती नुसती सवयीची माया?

वॉल्ट मॉसबर्ग हे नाव आपल्याकडे घरोघर ठाऊक असण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकात ते १९७० साली बातमीदार म्हणून लागले. पुढची वीसएक वर्षे त्यांनी राष्ट्रीय सुरक्षा, परराष्ट्र व्यवहार, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर लिहिण्यात घालवली. १९९१ साली सोव्हिएत युनियन कोसळत होते. अशा विषयांवर लिहिणाऱ्याला याहून सुगीचा काळ तो कोणता? नेमक्या त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, या गृहस्थांनी ते सारे बाजूला सारून ‘पर्सनल टेक्नॉलॉजी’ नावाचे एक साप्ताहिक सदर सुरू केले. राजदूतांच्या आणि सेनापतींच्या वर्तुळातून उठून ते घरगुती संगणकाच्या पेटीपुढे येऊन बसले. पहिल्याच लेखाच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा होता : हे संगणक वापरायला फारच अवघड आहेत, आणि हा दोष तुमचा नाही.

हे वाक्य आज आपल्याला साधे वाटेल. ते किती धाडसाचे होते हे समजायला त्या वेळचा संगणक डोळ्यांपुढे आणला पाहिजे. काळ्या पडद्यावर एक टिकली लुकलुकत असे आणि तिच्यापुढे काय लिहायचे हे माणसाला पाठ असावे लागे. एखादे टिंब चुकले, एखादी तिरपी रेघ उलटी पडली, की यंत्र रुसून बसे. नवा छापणारा जोडायचा तर अर्धा दिवस जाई. सोबत येणारी पुस्तके जाडजूड असत, आणि ज्यांना सर्व काही आधीच येते त्यांच्यासाठीच ती लिहिल्यासारखी वाटत. या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखकही त्याच जाणत्या मंडळींतले होते. त्यांच्या लेखांचा सूर, आम्हाला कळते, तुम्हाला कळत नसेल तर तुम्ही अजून थोडे शिका, असा असे. हुशार, शिकलेली, आपापल्या धंद्यात मुरलेली माणसे त्या पेटीपुढे बसली की स्वतःला मठ्ठ समजू लागत. अशा वेळी एका प्रतिष्ठित वर्तमानपत्रात कुणीतरी उठून सांगितले, की बाबांनो, मठ्ठ तुम्ही नाही. ज्यांनी ही वस्तू केली त्यांनी तुमचा विचारच केला नाही.

माझ्या मते या वाक्यात एक नैतिक भूमिका आहे, आणि ती यंत्रांपुरती मर्यादित नाही. दुबळ्याला त्याच्या दुबळेपणाबद्दल लाजवणे, ही समर्थांची फार जुनी युक्ती आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला सांगितले जाई, की वाचता येत नाही हा तुझा दोष. कचेरीतल्या खिडकीपुढे अर्ज घेऊन उभ्या असलेल्या बाईला सांगितले जाते, की नमुना चुकीचा भरलात, हा तुमचा दोष. लाजलेला माणूस प्रश्न विचारत नाही. आणि जेथे प्रश्न विचारले जात नाहीत, तेथे वस्तू सुधारत नाही, कारभारही सुधारत नाही. मॉसबर्ग यांनी वाचकाची लाज काढून घेतली आणि तिच्या जागी प्रश्न ठेवला. पुढची पंचवीस वर्षे ते तेच करीत राहिले.

आता वात्स्यायनाच्या लक्षणाकडे वळू. आप्ताची पहिली अट, वस्तू स्वतः जाणलेली असणे. ही अट पाळायला मेहनत लागते, पण ती पाळणारे पुष्कळ सापडतात. दुसरी अट अवघड आहे : जशी जाणली तशीच सांगण्याची इच्छा, आणि तीखेरीज दुसरी इच्छा नसणे. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला ही दुसरी अट पाळणे किती कठीण असते! ज्या वस्तूविषयी तो लिहितो तिचा कर्ता त्याच्या दाराशी भेट घेऊन उभा असतो. मॉसबर्ग यांनी आपले नियम वाचकांपुढे छापून ठेवले होते. ज्या कंपन्यांच्या वस्तूंविषयी लिहायचे त्यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही, फुकट वस्तू ठेवून घ्यायच्या नाहीत, त्यांच्या खर्चाने प्रवास करायचा नाही, भाषणाचे मानधन घ्यायचे नाही, सल्लागार व्हायचे नाही, त्यांचे शेअर बाळगायचे नाहीत. या कडक यादीत एक गमतीची कबुलीही होती. कधीमधी एखादा फुकटचा टी-शर्ट मी घेतो, पण तो घातलेला माझ्या बायकोला मुळीच आवडत नाही, तिला तो कुरूप वाटतो, असे त्यांनी लिहिले होते. मला ही कबुली त्या सगळ्या नियमांइतकीच महत्त्वाची वाटते. जो टी-शर्टचाही हिशेब देतो, त्याच्या घरात याहून मोठे काही लपलेले नसावे, असे वाचक मानतो; आणि ज्याला बायकोचे टोमणे ऐकावे लागतात तो आपल्यासारखाच संसारी गृहस्थ आहे, हेही त्याला कळते. ‘आप्त’ शब्दाचे दोन अर्थ या एका वाक्यात एकत्र आले आहेत.

तरीही एक शंका उरते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. असा माणूस निःस्पृह राहिला तरी तो निःपक्षपाती राहू शकतो काय? ‘वायर्ड’ या मासिकाने २००४ साली मॉसबर्ग यांच्यावर लेख लिहिला तेव्हा त्यांना राजा घडवणारा माणूस म्हटले. त्यांच्या एका लेखाने नव्या वस्तूचे दैव उघडे वा फिरे. ज्याच्या हाती असे सामर्थ्य असते, त्याच्याशी मोठी माणसे मैत्री करू पाहतात. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स १९९७ साली पुन्हा त्या कंपनीत आले, तेव्हा ते लागोपाठ काही रविवारी रात्री मॉसबर्ग यांना घरी दूरध्वनी करीत आणि दीड-दीड तास बोलत. हे स्वतः मॉसबर्ग यांनीच जॉब्स यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे २०११ साली, लिहिले आहे. त्या बोलण्यामागे आपली मर्जी संपादन करण्याचाही हेतू होता, हे त्यांना कळत होते. आणि ते बोलणे त्यांना आवडत होते, हेही खरे. २००७ साली पहिला आयफोन विक्रीला येण्याआधी ज्या मोजक्या चार समीक्षकांच्या हाती दिला गेला, त्यांत ते होते. ॲपलच्या वस्तूंना त्यांच्याकडून अंमळ झुकते माप मिळते, असा आक्षेप अनेकांनी घेतला. मग याच मॉसबर्ग यांनी २०१६ साली त्याच कंपनीच्या प्रणालींवर, त्या पूर्वीसारख्या नीट चालत नाहीत म्हणून, स्पष्ट टीकाही केली.

या आक्षेपाचे मला पूर्ण निराकरण करता येत नाही, आणि तसे करण्याची गरजही वाटत नाही. सराफाच्या कसोटीच्या दगडाला ना सोन्याचा लोभ असतो, ना सोनाराची ओळख. परंतु दगड आपल्याला सल्ला देऊ शकत नाही. सल्ला माणसाकडूनच घ्यावा लागतो, आणि माणसाला आवडीनिवडी असतात. न्यायाधीशालाही मित्र असतात. विश्वास ठेवण्याजोगा माणूस म्हणजे ज्याचे मन कोरे आहे असा माणूस, अशी आपली समजूत असेल तर जगात कुणावरच विश्वास ठेवता येणार नाही. ज्याचा कल कोणीकडे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ज्याने तो स्वतः झाकलेला नाही, त्याचे म्हणणे वजन करून घेता येते. आत्या नेहमी माहेरची बाजू घेणार, हे घरात सर्वांना माहीत असते. म्हणून तिचे बोलणे खोटे ठरत नाही, थोडे वजा करून ऐकावे लागते, एवढेच. फसवणूक होते ती कल झाकला जातो तेव्हा.

एप्रिल २०१७ मध्ये, सत्तरी पुरी झाल्यावर, मॉसबर्ग यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि २५ मे २०१७ रोजी त्यांचा शेवटचा साप्ताहिक लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखात मागचे गोडवे फारसे नव्हते. संगणक आता दिसेनासा होणार आहे, असे भाकीत त्यांनी केले होते. तो भिंतीत जाईल, मोटारीत जाईल, अंगावरच्या कपड्यांत जाईल. त्याला चालू-बंद करणे हा प्रकारच उरणार नाही. आणि म्हणूनच माणसाचे खाजगीपण व सुरक्षितता यांसाठी कंपन्यांच्या गोड आश्वासनांवर न विसंबता खरेखुरे, बंधनकारक कायदे केले पाहिजेत, असे त्यांनी बजावले. ज्याने पंचवीस वर्षे वस्तूंची परीक्षा केली तो जाताना सांगून गेला, की परीक्षा करायला यापुढे वस्तूच दिसणार नाही. या लेखाकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात जेरी पुर्नेल वारले. ते मूळचे विज्ञानकथालेखक. ‘बाइट’ नावाच्या संगणकविषयक मासिकात १९८० पासून त्यांचे सदर येत असे. आपल्या घराला त्यांनी ‘केऑस मॅनर’ असे नाव दिले होते. आपण त्याला ‘गोंधळवाडा’ म्हणू. त्या वाड्यातल्या संगणकांनाही नावे होती. पहिल्याचे इझिकिएल, म्हणजे लाडाने झीक. नवी पेटी घरी आली की ती कशी चालली नाही, मग काय खटपट केली, रात्री किती वाजले, हे सारे ते घरगुती कीर्तनासारखे सांगत. हे वेडे उद्योग मी करतो, म्हणजे तुम्हाला करावे लागू नयेत, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. १९९८ साली ते मासिक छापील रूपात बंद पडले, तरी वाचक त्यांना सोडून गेले नाहीत. शेजारच्या घरातल्या गाईचे नाव जसे साऱ्या आळीला ठाऊक असते, तसे त्या वाचकांना झीक ठाऊक होता.

तिसरे गृहस्थ इंग्लंडातले. जॅक स्कोफिल्ड हे लंडनच्या ‘गार्डियन’ या दैनिकात १९८३ पासून संगणकाविषयी लिहीत होते. पुढे तेथेच त्यांचे प्रश्नोत्तरांचे सदर चालू झाले आणि ते फार लोकप्रिय झाले. कुणी निवृत्त शिक्षिका विचारणार, माझा जुना संगणक मंदावला आहे, नवा घेऊ की दुरुस्त करू? कुणी बाप विचारणार, मुलीला कॉलेजात जाताना कोणता घेऊन देऊ? स्कोफिल्ड तिचा प्रश्न, त्याचा खर्च, त्यांची गरज, सगळे ध्यानात घेऊन सविस्तर उत्तर लिहीत. ३१ मार्च २०२० रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते वारले. करोनाच्या साथीचे ते दिवस. घरात कोंडलेली माणसे पडद्यावरच एकमेकांना भेटत होती, आणि तो पडदा नीट चालावा कसा हे ज्याला विचारायचे तो माणूस गेला होता. त्यांच्या वाचकांनी जी हळहळ व्यक्त केली ती घरातल्या वडीलधाऱ्यासाठी करावी तशी होती.

स्कोफिल्ड यांनी आपल्या वाचकांसाठी तीन नियम सांगून ठेवले होते, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पहिला असा, की माहिती बाहेर कशी काढायची हे नक्की दिसल्याशिवाय ती कोणत्याही प्रणालीत आत घालू नका. दुसरा असा, की ज्या माहितीच्या निदान दोन प्रती नाहीत, ती माहिती अस्तित्वातच नाही असे समजा. आणि तिसरा, जी माहिती तुम्हाला जितकी सहज मिळते तितकीच ती दुसऱ्यालाही सहज मिळू शकते. आपल्याकडच्या आज्यांना संगणक ठाऊक नव्हता, पण दागिन्यांच्या डब्याविषयी त्यांचे नियम याहून फारसे वेगळे नव्हते.

आता येथे एक तात्त्विक पेच उभा राहतो. मॉसबर्ग म्हणतात, दोष तुमचा नाही. स्कोफिल्ड म्हणतात, दोन प्रती ठेवल्या नाहीत तर भोगा. एक जण वाचकाला मोकळा करतो, दुसरा त्याला बांधतो. मग दोघेही आप्त कसे? मला वाटते, दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र कालवतो, म्हणून हा पेच वाटतो. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. छप्पर गळते हा घरात राहणाऱ्याचा दोष नसेल, पण पाऊस यायच्या आत कौले शाकारून घेणे ही जबाबदारी त्याचीच आहे. ज्याने दोष माथी मारला तो माणसाला खचवतो. खचलेला माणूस उठून कौलावर चढत नाही. आणि ज्याने दोषाबरोबर जबाबदारीही काढून घेतली, तो माणसाला लाडावून परावलंबी करतो. चांगला सल्लागार आधी लाज पुसतो आणि मग हातात काम देतो. वडीलधारे माणूसही हेच करते. पोर पडले तर ‘बघ, मुंगीचं पीठ सांडलं’ म्हणून त्याचे रडू थांबवायचे, आणि मग पुढल्या वेळी कोठे पाय ठेवायचा ते दाखवायचे.

ही चर्चा केवळ शब्दांची नाही, हे मला माझ्या शेजाऱ्यांवरून कळले. ते एक निवृत्त मुख्याध्यापक. एका दुपारी त्यांना दूरध्वनी आला. पडद्यावर पोलिसी गणवेशातला माणूस दिसत होता. तुमच्या नावाच्या पार्सलात मादक पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका, कुणाशी बोलू नका, असे त्याने दरडावले. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. हे सरकारने वारंवार सांगितले आहे, पण ते सरांपर्यंत पोहोचले नव्हते. दोन दिवसांत त्यांनी मुदतीच्या ठेवी मोडून पैसे पाठवले. पैसे गेले ते गेलेच. परंतु त्याहून वाईट गोष्ट पुढची. तीन महिने त्यांनी घरात कुणाला सांगितले नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसत आणि गप्प राहत. शेवटी बोलले तेव्हा म्हणाले, “चाळीस वर्षं मुलांना शहाणपण शिकवलं हो मी. आता कुणाला कोणत्या तोंडानं सांगू?” अशा फसवणुकीत पहिले काही तास मोलाचे असतात. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार केली तर पैसा अडवला जाण्याची काही आशा असते. चोराने पैसे नेले खरे, परंतु ते परत मिळण्याची जी थोडीबहुत आशा होती ती लाजेने नेली.

‘दोष तुमचा नाही’ हे वाक्य वेळेवर, विश्वासाच्या माणसाकडून कानी पडणे याची किंमत अशी रुपयांतसुद्धा मोजता येते. आणि या वाक्याच्या मागोमाग, ‘पण आता ताबडतोब हे करा’, हे दुसरे वाक्य यावे लागते. वृत्तपत्रातल्या एका कोपऱ्यात दर आठवड्याला ही दोन वाक्ये सांगणारा माणूस असणे, हे समाजाच्या दृष्टीने चैनीचे लेणे नाही. गावात एक विहीर असावी तशी ती गोष्ट आहे.

ती विहीर आता आटते आहे काय? आज सल्ल्याला तोटा नाही. प्रत्येक वस्तूच्या खाली पाचपैकी किती तारे ते लिहिलेले असते. ते तारे कुणी दिले, वापरून दिले की पैसे घेऊन दिले, हे कळायला मार्ग नसतो. चित्रफितींतून हसतमुख तरुण मंडळी नवी वस्तू पेटीतून बाहेर काढून दाखवतात; त्यांतले काही मोठे प्रामाणिक आहेत, आणि काहींना ती पेटी भेट म्हणूनच आलेली असते. याहून नवी सोय म्हणजे प्रश्नांची उत्तरे देणारे यंत्र. त्याला काहीही विचारा, ते न थकता, न रागावता, शुद्ध भाषेत उत्तर देते. ‘एवढंही कळत नाही का?’ असे ते कधी म्हणत नाही, हा त्याचा मोठाच गुण मानला पाहिजे. कित्येक घरांतल्या मुलानातवंडांना तो साधलेला नाही.

परंतु वात्स्यायनाची कसोटी येथे लावून पाहा. या यंत्राने ती वस्तू हाताळलेली नसते. ज्यांनी हाताळली त्यांचे लिहिलेले त्याच्या पोटात गेलेले असते. म्हणजे पहिली अट ते उसन्या ज्ञानावर भागवते. दुसऱ्या अटीचे काय? जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा या यंत्राला आहे, असे म्हणणे म्हणजे त्याला मन आहे असे धरून चालणे. आणि ज्यांनी ते यंत्र केले त्यांच्या इच्छा काय आहेत, हे आपल्याला टी-शर्टापर्यंत कुणी सांगितलेले नाही. ते चुकले तर त्याचे नाव जात नाही, पुढच्या गुरुवारी तोंड दाखवायची त्याला चोरी होत नाही. मॉसबर्ग यांचा सल्ला चुकला तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच नावाखाली त्यांना पुन्हा उभे राहावे लागे. माझ्या मते शब्दप्रमाणाचे अर्धे बळ येथेच आहे. बोललेल्या शब्दाला कुणीतरी धनी असावा लागतो. शेवटच्या लेखात मॉसबर्ग म्हणाले होते की संगणक दिसेनासा होईल. संगणकाबरोबर सल्लागारही दिसेनासा होईल, हे मात्र त्यांनी लिहिले नव्हते. ते आपण अनुभवतो आहोत.

याचा अर्थ मी जुन्याचे गोडवे गातो आहे आणि नव्या यंत्राशी माझे वैर आहे, असा कुणी घेऊ नये. मीही त्याला प्रश्न विचारतो आणि पुष्कळदा चांगली उत्तरे मिळतात. फक्त त्याला मी आप्त म्हणत नाही. हुशार परका म्हणतो. परक्याचे ऐकावे, पडताळून घ्यावे आणि कामापुरते वापरावे. आपल्याकडे वाटसरूला पाणी देताना आणि त्याच्याकडून पुढच्या गावची खबर घेताना हाच व्यवहार होता.

मग निरोप देणाऱ्या वाचकांच्या त्या हळवेपणाला अर्थ आहे की नाही? माझे उत्तर असे, की आहे, आणि तो सवयीहून मोठा आहे. एखाद्याच्या शब्दावर विश्वास टाकणे म्हणजे आपल्या अज्ञानाची एक खोली त्याच्यासाठी उघडी करणे. तेथे आपण इतरांना येऊ देत नाही, कारण तेथे पसारा असतो. तो माणूस वर्षानुवर्षे त्या खोलीत आला, पसाऱ्याला हसला नाही, एखादी वस्तू जागेवर लावून दिली, आणि तेथून काही उचलून नेले नाही. असे वागणारी माणसे आपल्या आयुष्यात किती असतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक गेला की चुटपुट लागते, आणि ती लागलीच पाहिजे. लग्नपत्रिकेतल्या शंभर आप्तांपैकी किती जणांना आपण ती खोली दाखवली आहे, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

आपल्या परंपरेत माणसाच्या डोक्यावर तीन ऋणे मानली आहेत : देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. त्यांतले ऋषिऋण फेडण्याची रीत विलक्षण आहे. ते ज्याचे घेतले त्याला परत करता येत नाही. आपण शिकावे आणि पुढच्याला शिकवावे, हीच त्याची फेड. न पाहिलेल्या या आप्तांचे ऋणही असेच फेडावे लागेल. या दिवाळीत घरोघर माणसे जमतील. फराळाची ताटे सरली की कुणी काकू, कुणी आजोबा, हळूच आपला मोबाइल पुढे करतील आणि म्हणतील, “हे जरा बघ रे, काय झालंय कळत नाही.” त्या वेळी तो हातातून हिसकून घेऊन, दोन बोटांत काम उरकून, “किती सोप्पं होतं आजोबा!” म्हणणे सगळ्यांत सोपे असते. त्याऐवजी शेजारी बसावे. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. “हे अवघडच करून ठेवलंय, तुमचं काही चुकलं नाही” असे आधी म्हणावे. मग कोठे बोट ठेवायचे ते दाखवावे, पुन्हा एकदा दाखवावे, आणि जाता जाता सांगावे, की कुणीही पोलिसांचे नाव सांगून घाबरवले तर फोन बंद करायचा आणि आधी मला कळवायचे, रात्री दोन वाजता असले तरी.

तेवढ्याने आपण मॉसबर्ग किंवा स्कोफिल्ड होणार नाही. पण त्या घरापुरते, वात्स्यायनाच्या अर्थानेही, आप्त होऊ.